‘पाटील’ या पदाचा अर्थ व इतिहास

(समाजाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले भाषण)



गेल्या वर्षीच्या सर्वसाधारण सभेतील चर्चा आपणांपैकी बहुतेकांच्या स्मरणात असेल. सभासद-कुटुंबांची नवी सूची छापावयाची व तिच्या जोडीस विवाहेच्छू मुलामुलींची माहिती द्यावयाची, असा ठराव होता. अर्जाच्या नमुन्यात मूळ गाव, कुलदैवत, शिक्षण, व्यवसाय हे रकाने होतेच. ‘पाटीलकीचे घराणे आहे काय?’ असा आणखी एक रकाना असावा, अशी सूचना एका सभासदाने मांडली, आणि त्यावरून जो वाद पेटला तो पंगतीची पाने वाढून झाली तरी विझेना. अखेर चिटणिसांनी विषय पुढील वर्षावर टाकला. मग कार्यकारी मंडळाचे आम्हास पत्र आले की, आपण शिक्षक होता आणि आडनावाने पाटीलही आहात, तरी या शब्दाविषयी चार गोष्टी सांगाव्या.

आम्ही इतिहाससंशोधक नव्हे. मॅट्रिकपुढे आमचे शिक्षण गेले नाही. चौथीच्या मुलांना शिवछत्रपतींचे चरित्र शिकविण्यात उमर गेली आणि त्या निमित्ताने जे वाचन घडले तेवढीच आमची शिदोरी. ती आज आपल्यापुढे सोडतो.

गावाला एक मुख्य माणूस असावा, ही कल्पना ‘पाटील’ या शब्दाहून पुष्कळच जुनी आहे. वैदिक वाङ्मयात ‘ग्रामणी’ येतो. राजसूय यज्ञाच्या वेळी राजा ज्या मानकऱ्यांच्या घरी जाऊन होम करी, त्यांना ‘रत्नी’ म्हणत, आणि त्या रत्नींत सेनानी, पुरोहित यांच्याबरोबर ग्रामणीही आहे. आपल्या महाराष्ट्राच्या मातीतील सर्वांत जुना काव्यसंग्रह म्हणजे सातवाहन राजा हाल याच्या नावावर असलेली ‘गाथासप्तशती’. तिच्यातही ‘गामणी’ आणि त्याच्या घरची माणसे आपल्याला भेटतात. पुढे राष्ट्रकूटांच्या ताम्रपटांत दानाची आज्ञा ज्यांना उद्देशून असे त्या अधिकाऱ्यांची मोठी यादी येते. आरंभी राष्ट्रपती, मग विषयपती, आणि त्यानंतर गावचा ‘ग्रामकूट’. येथे राष्ट्रपती म्हणजे एका प्रांताचा अंमलदार, विषयपती म्हणजे जिल्ह्यासारख्या भागाचा. शब्दही माणसांसारखेच चढतात आणि उतरतात. आज राष्ट्रपती हे देशातील सर्वोच्च पद आहे, आणि त्या पदावर इ. स. २००७ ते २०१२ या काळात ज्या बसल्या त्या प्रतिभाताईंचे आडनाव पाटील. जुन्या ताम्रपटाच्या यादीतील दोन टोके अशी एका नावात येऊन बसली. ग्रामकूटाचेच कर्नाटकात गावुंड आणि पुढे गौड झाले, असे भाषापंडित सांगतात.

आता आपला शब्द. दहाव्या शतकात माळव्यावर परमार राजे राज्य करीत होते. राजा भोजाचा चुलता वाक्पती मुंज याच्या ताम्रपटांत गावकऱ्यांना आज्ञा कळविताना ‘पट्टकिल’ असा एक शब्द येतो. पट्ट म्हणजे पट्टी, फलक. राजाची आज्ञा ज्या वस्त्रावर वा धातूच्या पत्र्यावर लिहावयाची तो पट. गावाचा असा लेख ज्याच्या हाती तो पट्टकिल, अशी त्याची व्युत्पत्ती लावतात. या पट्टकिलाचा माळव्यात व गुजरातेत पटेल झाला, आपल्याकडे पाटील झाला. तेव्हा गुजरातेतले पटेल आणि आपले पाटील हे एका घरचे दोन भाऊ, निदान शब्दापुरते तरी, हे ध्यानात ठेवावे. कोणत्याही एका जातीचा हा शब्द नव्हे. मराठा, कुणबी, लेवा, आगरी, कोळी, लिंगायत, जैन अशा कितीतरी समाजांत पाटील आहेत. मुसलमान पाटलांची गावेही आहेत. तो जातीचा शब्द असता तर असे झाले नसते. तो कामाचा शब्द होता म्हणूनच झाले.

बहमनी राज्य आले आणि दफ्तराची भाषा फारसी झाली. तेव्हा पाटलास ‘मुकद्दम’ म्हणू लागले. जुन्या मराठी कागदांत त्याचे ‘मोकदम’ झाले आहे. मुकद्दम म्हणजे पुढे केलेला, पुढे असलेला. हा अर्थ आम्हास सर्वांत मोलाचा वाटतो. पाटील कोण, तर गावाच्या पुढे उभा असलेला माणूस. सरकारचा हुकूम आला तर तो प्रथम त्याच्या कानावर, फौज आली तर तिची प्रथम गाठ त्याच्याशी, दुष्काळ पडला तर पहिला जाब त्याला. आज हाच शब्द ‘मुकादम’ या रूपाने ऊसतोड मजुरांच्या टोळीपुढे आणि रस्त्याच्या कामावरील गँगपुढे उभा आहे. पाटील घराण्यातील ज्या मंडळींना मुकादम म्हटलेले खपत नाही, त्यांनी आपल्याच वाड्यातील जुना महजर एकदा वाचवून घ्यावा.

या पुढे उभ्या असलेल्या माणसाचे काम काय होते, ते आता थोडे सविस्तर पाहू. कारण आपल्या वादाचे मूळ तेथे आहे.

गावाचे दोन भाग मानीत. घरे असलेली ती पांढरी, पिके असलेली ती काळी. दोहोंचा जबाबदार पाटील. त्याच्या हाताखाली चौगुला, लिहिण्याला कुलकर्णी. दुष्काळाने किंवा लढाईच्या धामधुमीने गाव ओस पडले की ते पुन्हा वसविण्याचे काम पाटलाचे. त्यासाठी सरकार त्यास कौल देई. पहिल्या वर्षी सारा अगदी हलका, मग वर्षावर्षाने चढता, यास इस्ताव्याचा कौल म्हणत. पण सारा हलका झाला म्हणजे माणसे आपोआप येत नसत. पळून गेलेल्या कुणब्याच्या मागे चार गावे हिंडावे, त्याला बैलासाठी, बियाण्यासाठी हमी द्यावी, प्रसंगी आपल्या घरचे दाणे द्यावे, तेव्हा कोठे एक नांगर शेतात उतरे. पाटलास अक्षर येत नसे, निदान पुष्कळांना येत नसे. कागदावर तो आपली निशाणी म्हणून नांगराचे चित्र काढी. गावचे बलुतेदारही कागदावर निशाणी करीत ती ज्याच्या त्याच्या धंद्याच्या हत्याराची. पाटलाची निशाणी तलवार नव्हती, नांगर होती, एवढे येथे जाता जाता सांगून ठेवतो. कारण अलीकडे लग्नपत्रिकांवर ढाल-तलवारी पुष्कळ दिसू लागल्या आहेत.

वसूल बाकी राहिला तर काय होई? कुणब्याच्या आधी पाटील धरला जाई. त्यास उन्हात उभे करीत, पाठीवर धोंडा ठेवीत, चौकीत बसवून ठेवीत. स्वारीवर आलेल्या फौजेने गावावर खंडणी बसविली आणि ती तत्काळ चुकती झाली नाही, तर ‘ओल’ म्हणून, म्हणजे ओलीस म्हणून, गावचा पाटील नेला जाई. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात महालांचा वसूल मक्त्याने देऊ लागले, आणि मक्तेदाराला गावाची दयामाया नसल्याने पाटलांचे हाल विशेषच झाले. इ. स. १८१८ साली पेशवाई बुडाली आणि पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन साहेबाने जिंकलेल्या मुलखाविषयी जो अहवाल लिहिला, त्यात गावकारभाराचा मुख्य खांब म्हणून त्याने पाटलाचेच वर्णन केले आहे.

तंटेही प्रथम पाटलापुढे येत. तो समजूत घाली. न जमल्यास पंचायत बसवी. वतनाचा तंटा असला तर गोतसभा भरे, आणि तिचा निवाडा महजरावर लिहिला जाई. पाटील एकट्याने निवाडा देत नसे, हे लक्षात घेण्यासारखे आहे. चित्रपटांत ओसरीवर बसून मिशीला पीळ देत हुकूम सोडणारा जो पाटील आपण पाहतो, तो चित्रपटवाल्यांनी निर्माण केला असे मात्र आम्ही म्हणणार नाही. तसेही होते. पण चावडीत गावाच्या देखत बसणारा पाटील अधिक होता, म्हणून तर ती संस्था इतकी शतके टिकली.

या कामाचा मोबदला म्हणजे वतन. थोडी इनाम जमीन, प्रत्येक शेतातून धान्याची घुगरी, बाजारातून फसकी, तेल्याकडून तेल, चांभाराकडून वर्षाचा जोडा, असे बारीकसारीक हक्क. आणि मान वेगळे. होळीची पहिली पोळी पाटलाची, पोळ्याला पहिला बैल पाटलाचा, लग्नात पहिला विडा पाटलाचा. हक्क हे पोटासाठी आणि मान हे कष्टांच्या भरपाईसाठी, असा आम्ही याचा अर्थ लावतो. उन्हात धोंडा घेऊन जो उभा राहावयाचा, त्याचा बैल एक दिवस पुढे गेला तर गावाचे काही जात नव्हते.

परंतु वतन वंशपरंपरेचे झाले, आणि वंशपरंपरेचे झाले म्हणजे त्याचे वाटे पडतात. भाऊ वाढले की तक्षिमा पडू लागल्या. कर्ज झाले की अर्धी पाटीलकी विकली जाऊ लागली. अशा खरेदीखतांचे नमुने छापून प्रसिद्ध झाले आहेत, ते वाचताना मौज वाटते आणि खेदही होतो. कागदावर नाव आधी कोणाचे घालावयाचे, नांगराची निशाणी वर कोणाची व खाली कोणाची, विडा दोघांनी बरोबर घ्यावा की एकामागून एक, होळीची पोळी कोणी आधी बांधावी, याची कलमेच्या कलमे त्यांत आहेत. धोंडा कोणी आधी घ्यावा, याचे कलम मात्र आमच्या पाहण्यात आले नाही.

शिवछत्रपतींचे भोसले घराणे वेरूळच्या पाटीलकीचे, हे आपण जाणताच. म्हणूनच की काय, या वतनदारांची नाडी महाराजांना नेमकी ठाऊक होती. सभासदाच्या बखरीत असे वर्णन आहे की, वतनदारांनी गावोगाव हुडे व कोट बांधून रयतेस नाडले होते. महाराजांनी ते पाडविले आणि त्यांचे हक्क बांधून दिले. याविषयीचे जे पत्र आम्ही वर्गात दरवर्षी सांगत असू, ते रांझे गावच्या पाटलाचे. इ. स. १६४५-४६ च्या सुमाराची गोष्ट; महाराज तेव्हा सोळा वर्षांच्या आतबाहेर होते. पुण्याजवळच्या रांझे गावचा मोकदम बाबाजी भिकाजी गुजर याने पाटीलकी करीत असता एका स्त्रीशी गैरवर्तन केले. महाराजांनी त्यास धरून आणविले, चौकशी केली, गुन्हा शाबीत झाला तेव्हा त्याचे हातपाय तोडविले व पाटीलकी जप्त केली. मुले या जागी स्तब्ध होत, आणि शिक्षेच्या कठोरपणापाशीच त्यांचे लक्ष खिळे. आम्ही त्यांना पुढचा भाग सांगत असू. त्या पंगू झालेल्या माणसास सांभाळण्याची तयारी त्याच्याच गोतातील सोनजी गुजर याने दाखविली, आणि पाटीलकी त्यास देण्यात आली. म्हणजे पद घराण्याबाहेर गेले नाही. पण ते घराणे म्हणून मिळाले नाही, एका असहाय माणसाचा भार घेतला त्याला मिळाले. आपल्या वर्षभराच्या वादाचे उत्तर या एका कागदात आहे, असे आम्हास राहून राहून वाटते.

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात वतनदारांविषयी जो इशारा आहे, तो राजाच्या बाजूने दिलेला आहे. वतनदार हे राज्याचे वाटेकरीच असतात, त्यांस सांभाळावेही लागते आणि आवरावेही लागते, असा त्याचा भावार्थ. पुढच्या काळात आवरण्याचे काम ढिले पडले, हे सांगणे नको.

दुसरी गोष्ट महादजी शिंद्यांची. शिंद्यांचे मूळ घर सातारा प्रांतातील कण्हेरखेडच्या पाटीलकीचे. दिल्लीच्या बादशहास आपल्या हाती ठेवणारा हा सरदार स्वतःस ‘पाटील’ म्हणवून घेई; लोक त्यांना पाटीलबावा म्हणत. इ. स. १७९२ मध्ये ते पेशव्यांसाठी बादशहाकडून वकील-इ-मुतलक ही पदवी घेऊन पुण्यास आले. दरबारात त्यांनी जुन्या मानकऱ्यांच्या खाली जागा घेतली, आणि सवाई माधवरावांपुढे जोडे ठेवून, हेच आमच्या वडिलांचे काम, असे म्हटल्याची हकीकत ग्रँट डफने दिली आहे. या नम्रतेत राजकारण नव्हते असे कोणी समजू नये; भरपूर होते. पण राजकारणासाठी का होईना, इतक्या मोठ्या पुरुषाने सर्व पदव्यांतून ‘पाटील’ हीच निवडली, कारण ऐकणाऱ्याच्या कानी त्या शब्दाचा अर्थ अजून सेवा असाच पडत होता. तो अर्थ लोपला असता तर महादजींनी दुसरा शब्द शोधला असता.

इंग्रजी अमलात पाटील राहिला, परंतु त्याचा कणा काढून घेतला गेला. वसुलीचा तो मुलकी पाटील, बंदोबस्ताचा तो पोलीस पाटील. लहान गावी दोन्ही कामे एकाकडे. इ. स. १८६७ चा गावपोलिसांविषयीचा कायदा आणि १८७४ चा वंशपरंपरागत हुद्द्यांचा कायदा, या दोहोंनी मुंबई इलाख्यातील पाटीलकी बांधली गेली. तक्षीमदारांनी पाळीपाळीने काम करावे, सरकारने मुशाहिरा द्यावा. गावाला उत्तर देणारा पाटील आता मामलेदाराला उत्तर देऊ लागला. तरीही सर्वांनीच ते मुकाट्याने केले असे नाही. इ. स. १९२८ मध्ये बारडोलीचा सत्याग्रह झाला, तेव्हा त्या तालुक्यातील कित्येक गावच्या पटेलांनी राजीनामे दिले. वल्लभभाई स्वतः आडनावाचे पटेल. त्यांच्या हाकेने खरेखुरे पटेल चावडीतून उठले.

त्याच वर्षी, १९२८ साली, मुंबईच्या कायदेमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १८७४ च्या त्याच कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक आणले. ही गोष्ट आपल्या समाजाच्या स्मरणिकांतून सहसा येत नाही, म्हणून मुद्दाम सांगतो. ज्या कायद्याने आमच्या आजोबांस पाटीलकीचा मान दिला, त्याच कायद्याने महार बांधवांस महारकी दिली. वतन दोन्हीही. परंतु एका वतनात पहिला विडा होता, आणि दुसऱ्यात रात्री-अपरात्री सरकारी बोलावणे आले की अल्प मोबदल्यावर धावणे होते. बाबासाहेब म्हणत होते की, हे वतन नव्हे, ही वेठ आहे. ते विधेयक त्या वेळी संमत झाले नाही. कनिष्ठ गाववतने रद्द करणारा कायदा व्हावयास १९५९ साल उजाडावे लागले. वतनाचा अभिमान सांगताना या दुसऱ्या वतनाची आठवण ठेवणे आम्हास शिक्षक या नात्याने आवश्यक वाटते.

कुलकर्णी वतने त्याआधीच, १९५० च्या कायद्याने, गेली होती. मुलकी पाटलांचे पद महाराष्ट्र शासनाने १९६२ साली कायदा करून रद्द केले, आणि १ जानेवारी १९६३ पासून पाटीलकी संपली. वसुलीचे व दफ्तराचे काम तलाठ्याकडे राहिले. गावचा कारभार १९५८ च्या कायद्याने ग्रामपंचायतीकडे व सरपंचाकडे गेलाच होता. पोलीस पाटील हे पद तेवढे उरले. १९६७ च्या कायद्याने तेही वंशपरंपरेतून सुटले. आता परीक्षा होते, अर्ज होतात, प्रांत नेमणूक करतात, आणि स्त्रियाही पोलीस पाटील होतात.

आता थोडे घरचे. व्यासपीठावरून ते सांगू नये, असे घरच्यांचे मत होते; परंतु ते वगळून हे भाषण पुरे होत नाही.

आमचे आजोबा आमच्या गोदाकाठच्या गावचे शेवटचे मुलकी पाटील. आमच्या भावकीत दोन तक्षिमा, थोरली आणि धाकटी. आम्ही थोरलीचे. पाटीलकी गेली, इनाम जमिनीचे जे व्हावयाचे ते झाले, पण मान मात्र गावाने सवयीने चालू ठेवले होते. इ. स. १९७४ च्या पोळ्याला धाकट्या तक्षिमेचा बैल वेशीत आधी शिरला. मुद्दाम शिरविला, की बैलच उधळला, हे आज कोणीही शपथेवर सांगू शकणार नाही. काठ्या निघाल्या. नंतर आमच्या वडिलांनी व चुलत्यांनी मिळून दिवाणी दावा लावला. चार वर्षे तारखा झाल्या, दोन एकर मळा गहाण पडला, आणि अखेर त्यांना असे सांगण्यात आले की, पद शिल्लक असते तर गोष्ट निराळी, नुसत्या मानपानाचा दावा दिवाणी न्यायालयात चालत नाही. सुंभ जळाला होता. पीळ राहिला होता. दोन्ही घरांचे जाणे-येणे तुटले. एका आडाचे पाणी पिणारी माणसे, पण आम्ही शाळेच्या वाटेवर धाकट्या घरच्या चुलतभावास पाहिले की पलीकडच्या बांधावरून जात असू. पुढे आम्ही शिक्षक झालो, मुलांना बंधुभाव शिकवू लागलो, तरी तो बांध काही आम्ही सोडला नाही.

काही वर्षांपूर्वी गावचे पोलीस पाटील हे पद भरले गेले, आणि परीक्षेत पहिली आली ती गावातील एक सून. त्या घरात पाटीलकी कधीही नव्हती. जुन्या चोपड्यांत त्यांचे नाव बलुतेदारांच्या यादीत आहे. तिला काय म्हणावे, येथपासून गावाची अडचण झाली. ‘पाटलीण’ म्हणजे आपल्या भाषेत पाटलाची बायको. स्वतः पाटील असलेल्या बाईला मराठीत शब्दच नाही. त्या वर्षीच्या पोळ्याआधी ग्रामपंचायतीच्या कचेरीत बैठक होती. आम्ही निवृत्त मंडळी भिंतीशी खुर्च्या टाकून बसलो होतो. ती आली आणि दाराशी उभी राहिली. कोणी उठले नाही. आम्हीही उठलो नाही, हे येथे कबूल करतो. आमच्या भावकीतील एकाने विचारले, “बाई, तोरण आता तुमच्या घरचे का?” ती म्हणाली, “नाही तात्या, बैल कोणाचाही पुढे जाऊ द्या. मला रजिस्टरात एवढंच लिहायचं आहे की गावात भांडण झालं नाही.”

त्यानंतरच्याच आषाढात धाकट्या तक्षिमेच्या घरचा तरुण नातू रात्री मोटार चालू करावयास गेला आणि विहिरीत पडून वारला. पाऊस लागलेला, ओढ्याला पाणी, ठाण्याची गाडी पलीकडे अडकलेली. प्रेत बाहेर काढवून, पोलीस येईपर्यंत ते हलू न देता, राखीत बसणे हे पोलीस पाटलाचे काम आहे. ती बाई विहिरीच्या थारोळ्यावर पोते पांघरून उजाडेपर्यंत बसली, आणि मुलाच्या आईचे डोके तिच्या मांडीवर होते. आम्हास हे पहाटे कळले. घरापासून ती विहीर दोन हाकांवर. रात्रभर आम्ही, थोरल्या तक्षिमेचे पाटील, झोपलो होतो. कोणी आम्हास उठविले नाही, कारण उठविण्याजोगे नाते आम्ही ठेवले नव्हते. बांध ओलांडून त्या घरी आम्ही गेलो ते त्या सकाळी. चुलतभावाने आम्हास पाहिले आणि एवढेच म्हटले, “आबा, बस.” आमच्याकडे पाहून ती बाई मात्र उठून उभी राहिली. तिच्या हाती पंचनाम्याचा कागद होता, आणि पंच म्हणून आमची सही हवी होती.

सारांश एवढाच की, कार्यकारी मंडळाने आमचे मत विचारले आहे ते असे. तो रकाना छापू नये. ज्यांना आपले घराणे सांगावयाचे आहे त्यांनी मुलगी पाहण्याच्या वेळी अवश्य सांगावे. सोयरीक जुळविणारे ते सांगितल्याशिवाय राहतही नाहीत. परंतु समाजाच्या पैशाने आणि समाजाच्या शिक्क्याने छापलेल्या सूचीत, जे पद १ जानेवारी १९६३ रोजी कायद्याने संपले त्याचे ‘आहे’ किंवा ‘नाही’ कसे लिहावयाचे? आम्ही स्वतः अर्ज भरावयास बसलो तर त्यात काय लिहावे हे आम्हासच कळणार नाही. रकाना हवाच असेल तर चिटणिसांनी त्या जागी ‘घरातील कोणी सध्या पोलीस पाटील, सरपंच अथवा पंच आहे काय?’ असे विचारावे. आम्ही चौकशी केली आहे. आपल्या समाजाच्या तीन मुली आज पोलीस पाटील आहेत, आणि त्यांतील एकीच्याही घराण्यात पाटीलकी नव्हती. त्यांना पुढील वर्षी या व्यासपीठावर बोलवावे, अशी आमची सूचना आहे. त्यांच्या कामाविषयी त्यांच्याच तोंडून ऐकणे हे आमच्या आजच्या बोलण्याहून अधिक उपयोगाचे होईल.

एक लहानशी विनंती राहिली. दिवाणी दाव्याच्या वेळी आमच्या वडिलांनी पेटीतून काढलेला एक जुना मोडी कागद, खाली नांगराच्या दोन निशाण्या असलेला, आम्ही आज समाजाच्या कार्यालयात ठेवण्यासाठी आणला आहे. दोन निशाण्यांपैकी वरची कोणाची, यावरून तेव्हा वाद माजला होता. आम्हास मोडी वाचता येत नाही, आणि आमच्या चुलतभावासही येत नाही. कागद देण्यास तो आज आमच्याबरोबर आला आहे, मागच्या रांगेत बसला आहे. समाजात कोणास मोडी वाचता येत असेल तर त्यांनी जेवणानंतर आम्हा दोघांस भेटावे. निशाण्यांचे राहू द्या; वरचा मजकूर काय आहे तेवढे आम्हास ऐकावयाचे आहे.